सहा रविवार ग्रीक देवांच्या सहवासात: अंबाजोगाईतील एका वर्गाचा अनुभव

अंबाजोगाईतील एका वाचनालयाने यंदाच्या पावसाळ्यात प्राचीन ग्रीक पुराणकथा आणि त्यांतील देवदेवता यांची ओळख करून देणारा सहा रविवारांचा वर्ग चालवला. दर रविवारी सायंकाळी दोन तास, शुल्क ४०० रुपये आणि त्यातच एक छापील पुस्तिका, असे त्याचे स्वरूप होते. शिकवणाऱ्या बाई इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापिका. मी सहाही रविवार उपस्थित होते. पुढच्या तुकडीत नाव नोंदवण्याचा विचार जे करत असतील त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

पहिल्या सायंकाळी बाईंनी फळ्यावर झ्यूसचे नाव लिहिले आणि लगेच मागच्या रांगेतून प्रश्न आला, “बाई, झ्यूस म्हणजे आपला इंद्रच की?” हातात वज्र, पावसावर सत्ता आणि देवांचे राजेपण, एवढे साम्य असल्यावर हा प्रश्न कोणालाही पडेल. बाईंनी तो टोलवला नाही. त्यांनी ‘झ्यूस पातेर’, त्याखाली लॅटिन ‘युपितेर’ आणि त्याखाली ऋग्वेदातील ‘द्यौष्पितर’ असे तीन शब्द लिहिले, आणि तिन्हींचे मूळ ‘तेजस्वी आकाश’ असा अर्थ असणाऱ्या एकाच प्राचीन शब्दात आहे, हे समजावून सांगितले. आपल्याकडे द्यौस मागे पडला आणि इंद्र पुढे आला. ग्रीसमध्ये मात्र तो आकाशपिताच वज्रधारी राजा होऊन राहिला. नावाचे नाते एकाशी आणि कामाचे साम्य दुसऱ्याशी असल्यामुळे ‘झ्यूस म्हणजे अमुक’ असे समीकरण मांडता येत नाही, हे मला त्या दिवशी प्रथमच नीट कळले. ग्रीक देव आधी त्याच्या स्वतःच्या घरात पाहायचा आणि तुलना नंतर करायची, हा नियम त्यांनी शेवटपर्यंत पाळला, आणि या वर्गाचा सर्वांत मोठा गुण मी यालाच मानते.

दुसरा रविवार ग्रीक कवी हेसिअडच्या ‘थिऑगनी’ या इसवी सनपूर्व ७००च्या सुमारास रचलेल्या काव्यावर होता. प्रारंभी असलेल्या ‘खाओस’चे भाषांतर ‘गोंधळ’ असे करू नका, तो शब्द आ वासलेल्या पोकळीचा आहे, असे बाईंनी बजावले. त्या पोकळीनंतर पृथ्वी म्हणजे गाया, तिच्यापासून आकाश म्हणजे उरानोस, त्याला विळ्याने छिन्न करणारा पुत्र क्रोनस, आणि आपल्याच मुलांना गिळणाऱ्या क्रोनसवर मात करणारा झ्यूस, ही कथा बहुतेकांनी कोठे ना कोठे ऐकलेली असते. तिच्यातून निघणारा मुद्दा मात्र सहसा कोणी सांगत नाही: हे देव विश्वाचे निर्माते नाहीत, ते विश्वातच जन्मलेले आहेत, ते अमर आहेत, परंतु अजन्मा नाहीत. पुढे झ्यूस, पोसायडन आणि हेडीस या तिघा भावांनी चिठ्ठ्या टाकून आकाश, समुद्र आणि पाताळ वाटून घेतले, आणि पृथ्वी व ऑलिंपस पर्वत सामाईक ठेवले. हेडीस हा मृतांचा कठोर राजा आहे, सैतान नव्हे, हेही येथेच स्पष्ट झाले.

तिसरा रविवार मला सर्वांत मोलाचा वाटला, कारण त्या दिवशी या देवांची पूजा कशी होत असे, हे सांगितले गेले. अथेन्सच्या ॲक्रोपोलिस टेकडीवरील पार्थेनॉन मंदिरात शिल्पकार फिडिअसने घडवलेली, नगराची रक्षक देवी अथेना हिची सोन्याची आणि हस्तिदंताची भव्य मूर्ती होती, हे अनेकांना ठाऊक असते. परंतु उत्सवात स्त्रियांनी विणलेले वस्त्र अर्पण केले जाई ते त्याच टेकडीवरील ऑलिव्हच्या लाकडाच्या जुन्या मूर्तीला. ज्या गावात योगेश्वरीला साडी-चोळी नेसवली जाते, तेथे बसून हे ऐकताना माझ्यासमोर चित्रातली अथेना राहिली नाही, कोणाची तरी कुलदेवता आली. त्यानंतर बाईंनी कोठीघरातल्या झ्यूसविषयी सांगितले. ग्रीक घरांत धान्यसाठ्याचा रक्षक म्हणून झ्यूस एका लहान मडक्याच्या रूपाने ठेवला जाई, त्या मडक्याला पांढरी लोकर गुंडाळत आणि त्यात पाणी, तेल व फळे घालत. वर्गातल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिले. घटस्थापना कोणाच्याही मनात आल्यावाचून राहिली नसेल. एकच झ्यूस ऑलिंपियात एका उपाधीने, तर घरात दुसऱ्या उपाधीने पुजला जाई, हे तुळजापूर, माहूर आणि अंबाजोगाई यांच्यामध्ये राहणाऱ्यांना फार समजावून सांगावे लागले नाही.

चौथ्या रविवारी वीज गेल्याने चित्रे दिसू शकली नाहीत, आणि अपोलो, आर्टेमिस, हर्मीस व डायोनिसस हे चौघे घाईघाईने उरकले गेले.

माझी खरी तक्रार पाचव्या रविवारची आहे. त्या दिवशी ट्रॉयचे युद्ध आणि हेराक्लीस या वीराची बारा कृत्ये यांना दीड तास मिळाला, तर धान्याची देवी डिमिटर आणि तिची कन्या पर्सेफनी यांची कथा वीस मिनिटांत संपली. मराठवाड्यात शिकवताना या कथेला सर्वाधिक वेळ द्यायला हवा होता. हेडीस कन्येला पळवून नेतो, आणि शोकाने संतापलेली डिमिटर बी जमिनीतच दडवून ठेवते. बैल नांगर ओढत राहतात, पेरलेले जव वाया जातात आणि कोंब वर येत नाही. दुबार पेरणी करून बसलेली माणसे वर्गात होती. त्या वाक्याला कोणीही हलले नाही. अखेर झ्यूस नमतो, कारण माणसे उपाशी मेली तर देवांना बळी अर्पण करायला कोणी उरणार नाही. पर्सेफनी परत येते, परंतु पाताळात डाळिंबाचा दाणा खाल्ल्यामुळे तिला वर्षाचा तिसरा भाग तेथे काढावाच लागतो. जुन्या स्तोत्रात ती वसंताच्या फुलांबरोबर वर येते. तथापि ग्रीसमध्ये जव आणि गहू पावसाच्या प्रारंभी, शरदात पेरतात आणि उन्हाळ्यात रान मोकळे पडते. त्यामुळे तिचे पाताळातले महिने म्हणजे बियाणे जमिनीखाली साठवलेले उन्हाळ्याचे दिवस, असाही अर्थ काही अभ्यासक लावतात. आमच्या आजोळच्या वाड्यात ज्वारीचे पेव, म्हणजे जमिनीखालचे कोठार, होते. रब्बीचे धान्य त्यात उतरवताना आजी हात जोडत असे, आणि हा अर्थ ऐकताना मला तीच आठवली. अथेन्सजवळच्या एल्यूसिस येथे शतकानुशतके चाललेल्या या मायलेकींच्या गुप्त दीक्षाविधींचा तर केवळ नामोल्लेख झाला.

पुस्तिकेचा कागद आणि छपाई चांगली आहे, मात्र संपादन ढिसाळ आहे. एका पानावर हेराक्लीस, तर दुसऱ्या पानावर त्याचेच रोमन नाव हर्क्युलिस येते. त्यामुळे नवख्या वाचकाला ही दोन माणसे वाटतील. देवांची वंशावळ इतक्या बारीक अक्षरांत छापली आहे की ज्येष्ठांना ती भिंगाशिवाय वाचता येणार नाही. बारा ऑलिंपियनांच्या, म्हणजे ऑलिंपसवरच्या प्रमुख देवांच्या, यादीत चुलीची देवी हेस्टिया आहे आणि पुढील प्रकरणात तिच्या जागी डायोनिसस आहे. प्राचीन काळीही ही यादी बदलती होती, हे एका ओळीत सांगितले असते तर घोळ झाला नसता.

शेवटचा रविवार ग्रीक जग आणि आपला प्रदेश यांच्या संबंधांवर होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या पुस्तकात पैठण आणि तगर, म्हणजे गोरोबाकाकांचे तेर, या दोन्ही बाजारपेठांची नावे आहेत. पैठणहून मौल्यवान दगड आणि तगरहून कापड गाड्यांत घालून, वाट नसलेल्या मुलखातून भडोचला जात असे, असे तो लिहितो. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी येथील उत्खननात सापडलेली पोसायडनची लहानशी कांस्यमूर्तीही बाईंनी पडद्यावर दाखवली. तेरच्या वस्तुसंग्रहालयाची सहल पुढच्या तुकडीसाठी ठरवली जात असल्याचे समजले. ती झाली तर मी पुन्हा शुल्क भरून जाणार आहे, आणि डिमिटरला एक पूर्ण रविवार द्यावा अशी लेखी विनंती मी वाचनालयाकडे दिली आहे.