एकाच साधनावर दोन महिने: राजारामपुरीतील वक्तृत्ववर्ग

कोल्हापूरच्या राजारामपुरीत रविवारी सकाळी भरणाऱ्या एका खासगी वक्तृत्ववर्गाचा दोन महिन्यांचा अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. भाषणात आणि लेखनात पुनरावृत्ती कशी वापरावी, एवढाच त्याचा विषय आहे. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. काव्यशास्त्राने पुनरुक्ती हा दोष मानला आहे आणि निबंध तपासताना आम्हीही त्याच शब्दाखाली लाल रेघ ओढतो. म्हणून या दोषाचा गुण कधी होतो, हे कोणीतरी सलग आणि सविस्तर शिकवत आहे याचे मला मोल वाटले. वर्गात कायद्याचे विद्यार्थी, पतसंस्थांतील कर्मचारी आणि करवीर तालुक्यातील काही ग्रामपंचायत सदस्य होते.

अभ्यासक्रमातील सर्वांत मोलाचा भाग महात्मा फुले यांच्या 1883 सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मधील प्रसिद्ध ओळींवर आहे. ‘विद्येविना मती गेली, मतीविना नीती गेली, नीतीविना गती गेली, गतीविना वित्त गेले, वित्ताविना शूद्र खचले, इतके अनर्थ एका अविद्येने केले’ हे आपण सर्वांनी भिंतीवर, फलकावर, पाठ्यपुस्तकात वाचलेले असते. प्रशिक्षकांनी प्रथम या ओळींतील पुनरावृत्ती काढून टाकायला सांगितली. ‘विद्या नसल्यामुळे मती, नीती, गती आणि वित्त नष्ट होऊन शूद्र खचले’ असे जे वाक्य उरले, ते मोठ्याने वाचल्यावर अर्थ पूर्ण राहिला, पण एका हानीतून दुसरी हानी कशी उपजली हे ऐकूच येईना. मूळ ओळींत मागच्या पायरीवरचा शब्द पुढच्या पायरीच्या आरंभी येतो; कारण आणि कार्य यांची ही साखळी जुन्या अलंकारशास्त्रात कारणमाला म्हणून ओळखली जाते. त्याहूनही महत्त्वाचे निरीक्षण पुढे आले. चार वेळा ‘गेली, गेली, गेली, गेले’ ऐकून कान त्या क्रियापदाला सरावतो आणि विषय वस्तूंकडून माणसांकडे येताच फुले ते क्रियापद बदलतात: मती जाते, नीती जाते, गती जाते, वित्त जाते, माणसे मात्र खचतात. ‘खचले’ या शब्दाला तेथे जे वजन येते, ते आधीच्या चार आवर्तनांनी मिळवून दिलेले असते. केव्हा थांबायचे आणि काय बदलायचे, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच पुनरावृत्ती साधते, ही गोष्ट मी इतकी स्पष्टपणे यापूर्वी कोणाकडून ऐकली नव्हती.

यानंतरच्या सत्राविषयी मात्र माझी गंभीर तक्रार आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांनी 28 ऑगस्ट 1963 रोजी वॉशिंग्टनमध्ये केलेल्या भाषणाचा नमुना समोर ठेवून प्रत्येक वाक्याची सुरुवात त्याच शब्दांनी करण्याचा सराव आमच्याकडून करून घेण्यात आला. ते भाषण थोरच आहे. परंतु इंग्रजीत कर्ता आणि क्रियापद आरंभीच येतात, त्यामुळे घोषणेचा जोर तेथेच लागतो. मराठी वाक्य सामान्यतः क्रियापदावर संपते आणि श्रोता त्या शेवटाची वाट पाहत असतो. ‘माझे स्वप्न आहे की’ असे प्रत्येकाने वारंवार म्हटल्यावर वर्गात केवळ ‘की’चा ठेका उरला. वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर चैत्र यात्रेत ‘ज्योतिबाच्या नावानं’ एवढे कोणी उच्चारले, की ‘चांगभलं’ हा शेवट सगळा जमाव पूर्ण करतो. आपल्या श्रोत्याचा सहभाग वाक्याच्या शेवटी कसा मिळवता येतो, याचे इतके जिवंत उदाहरण कोल्हापुरापासून इतक्या जवळ असताना त्याचा उल्लेखही होऊ नये, याचा मला मनापासून खेद झाला. आरंभीची पुनरावृत्ती मराठीत चालत नाही असे मी म्हणत नाही. ‘ज्या मातीने’, ‘ज्या हातांनी’ अशा रचना सभांत उत्तम रंगतात, कारण त्या पुढच्या ‘त्या’ची अपेक्षा निर्माण करतात. हा फरक शिकवायला हवा होता.

लेखनाचा भाग घाईने उरकण्यात आला आहे. श्रोत्याला मागचे वाक्य पुन्हा ऐकता येत नाही, म्हणून वक्त्याला मुख्य शब्द पुनःपुन्हा द्यावा लागतो. वाचकाची नजर मात्र केव्हाही मागे जाऊ शकते, म्हणून सभेत तीनदा शोभणारा शब्द कागदावर दुसऱ्यांदाच जड होतो. दोन्हींसाठी एकच नियम सांगितल्याने ग्रामपंचायत सदस्यांनी लिहिलेले अर्जही भाषणासारखे होऊ लागले होते आणि त्यावर कोणी खूण केली नाही.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात सांगायचे तर खोली लहान आहे आणि रस्त्याकडील खिडकी उघडी असताना मागच्या रांगेत ऐकू येत नाही. मात्र प्रत्येकाचे भाषण ध्वनिमुद्रित करून त्याला ऐकवले जाते आणि त्या वेळी प्रशिक्षक पुरेसा वेळ देतात. सभेत बोलावे लागणाऱ्यांनी हा वर्ग अवश्य करावा. ज्यांना केवळ लेखन सुधारायचे आहे, त्यांनी संपूर्ण शुल्क भरण्यापूर्वी फुल्यांच्या ओळींवरील सत्राला एकदा बसण्याची परवानगी मागावी. मी चौकशी केली तेव्हा ती मिळू शकते असे सांगण्यात आले.