थ्रेशोल्ड आयएमटी: ऑपरेशनआधी श्वासाची ताकद वाढवणारं स्प्रिंगचं यंत्र

बायपासची तारीख दोन-तीन आठवड्यांनंतरची मिळाली, की बीड-जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला आलेला पेशंट मेडिकलवरून तीन गोळ्यांचं स्पायरोमीटर घेऊन गावी परततो. श्वासाच्या स्नायूंना बळ द्यायचं असेल तर ते यंत्र पुरेसं नाही. त्यातल्या गोळ्या ६००, ९००, १२०० सीसी प्रति सेकंद या वेगाला उचलल्या जातात आणि यंत्र तिरकं धरलं तरी वर चढतात. फिलिप्स रेस्पिरॉनिक्सच्या थ्रेशोल्ड आयएमटीत (आयएमटी म्हणजे श्वास आत ओढणाऱ्या स्नायूंचा व्यायाम) स्प्रिंगचा वॉल्व आहे. लावलेल्या दाबाइतका जोर लागल्याशिवाय तो उघडतच नाही. वीज लागत नाही, त्यामुळे लोडशेडिंगच्या गावातही सराव चुकत नाही.

२००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या चाचणीत, जास्त धोक्याच्या बायपास पेशंटांनी ऑपरेशनआधी किमान दोन आठवडे रोज २० मिनिटं हाच व्यायाम केला. फुप्फुसाची गुंतागुंत त्यांच्यात १८ टक्के, इतरांत ३५ टक्के आढळली.

लोड, म्हणजे स्प्रिंगचा दाब, अंदाजाने लावू नका. फिजिओथेरपिस्टकडून श्वास ओढण्याची कमाल ताकद मोजून घ्या आणि तिच्या ३० टक्क्यांवर सुरुवात करा. ही ताकद पाण्याच्या दाबाच्या सेंटीमीटरमध्ये मोजतात; ती ६० सेंटीमीटर भरली तर काटा १८ वर. दमणूक दहापैकी पाचाच्या खाली वाटू लागली की लोड थोडा वाढवा.

ताठ बसा, नाकाला क्लिप लावा, यंत्राच्या तोंडीभोवती ओठ घट्ट मिटा, श्वास पूर्ण सोडा आणि मग जोरात ओढा. सोडताना घाई नको. सगळ्यात जास्त चूक इथेच होते: भराभर श्वास घेतले की चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. तसं झालं तर थांबा. खांदे वर उचलले जात असतील तर लोड जास्त झालाय. कवळी काढून बसलेल्या आजोबांच्या ओठांतून हवा गळते. कवळी लावूनच करू द्या.

उणीव एकच, पण खरी: काटा ९ ते ४१ सेंटीमीटरपुरताच आहे. ज्याची ताकद २५ भरते, त्याला ३० टक्क्यांचा लोड यात लावताच येत नाही.

साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, उकळू नका. शेवटी फिल्टरचं पाणी फिरवा. बोअरच्या पाण्याने वॉल्ववर क्षार बसतो. ज्यांना न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत हवा साठून फुप्फुस आक्रसणं) होऊन गेलाय, कानाचा पडदा फाटलाय किंवा बसल्या जागी छातीत दुखतं, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे यंत्र तोंडाला लावू नये.