लॅनोलिन क्रीम: आराम पडतो, पण चीर एवढ्याने भरत नाही
बाळ चार दिवसांचं आणि निपलला अशी चीर पडलेली की ते भुकेने रडलं की माझ्याच पोटात गोळा यायचा, म्हणून ही आणली. जाम चिकट आहे, आधी बोटांवर चोळून मऊ करायची आणि मटाराएवढी लावायची, शुद्ध लॅनोलिन असल्याने पाजण्याआधी पुसावी लागत नाही हे बेस्ट, रात्री तीनला कोण पुसत बसणार! ब्राला डाग पडतात पण. आग कमी झाली, चीर काही भरेना, कारण बाळ नुसतं टोकच धरत होतं. नर्सने तोंड मोठं उघडू देऊन भोवतीचा काळा भागही आत द्यायला शिकवलं तेव्हा कुठे सुटले. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतलं असतं, लोकरीची अ‍ॅलर्जी असेल तर घेऊ नका.