दहा महिने, रोजचे आठ किलोमीटर : बडोद्यात साध्या सायकलीचा अनुभव

जानेवारीत सायकल घेतली. गिअर नाहीत, पुढे शॉकअप नाहीत, दांडा खाली वाकलेला. दुकानात जिला सरसकट ‘लेडीज’ म्हणतात ती. दांडिया बाजारातून रावपुरा, कोठी, काळा घोडा करत फतेहगंजला ऑफिस, जाऊन-येऊन साधारण आठ किलोमीटर. शिवाय रविवारी खंडेराव मार्केटची भाजी. एक उन्हाळा आणि एक पावसाळा निघाल्यावर आता खात्रीने लिहिते आहे.

दुकानदाराने “बेन, आ तो जूनी फॅशन छे” म्हणत एकवीस गिअरची, जाड टायरची सायकल पुढे केली होती. चालवूनही पाहिली. पण बडोदं सपाट आहे. माझ्या वाटेवर चढ म्हणावा तर विश्वामित्रीच्या पुलाचा, तोही बसल्या बसल्या पार होतो. गिअरवालीला पूर्ण बंद चेनकव्हर बसत नाही, आणि ओढणी घेऊन चालवणाऱ्या बाईने चेनकव्हर आणि मागच्या चाकाची जाळी आधी पाहावी, रंग नंतर. मडगार्ड आणि कॅरियरसाठी फ्रेमला भोकं आहेत का, तेही दुकानातच बघा. भोकं नसली की कॅरियर पट्टीने आवळतात आणि दहा किलो भाजी ठेवली की तो खाली सरकतो. स्टँड दोन पायांचाच घ्या. एका पायाच्या स्टँडवर भरलेली सायकल कलंडते. वाकलेला दांडा पुरुषांनाही सोयीचा, कारण मागे पिशव्या बांधल्यावर पाय वरून टाकता येत नाही. आमचे भाऊजी आता मार्केटला माझीच सायकल नेतात.

सगळ्यात मोठी तक्रार ब्रेकची. चाकांच्या रिम स्टीलच्या होत्या. उन्हाळाभर काही जाणवलं नाही. जुलैत भर पावसात कोठीच्या चौकात समोर रिक्षा थांबली, दोन्ही ब्रेक पूर्ण दाबले तरी सायकल सरकतच राहिली. रिक्षाच्या मागच्या बाजूला हँडल घासून थांबले. हात बराच वेळ थरथरत होते. ओल्या स्टीलवर ब्रेकचं रबर पकडच घेत नाही, हे घेताना मला कुणी सांगितलं नव्हतं. ॲल्युमिनियमच्या रिमवर ओल्यातही पकड पुष्कळ बरी राहते. म्हणून पुढचं चाक ॲल्युमिनियमच्या रिमवर नव्याने बांधून घेतलं. पुढचंच का, तर थांबताना सगळं वजन पुढे येतं आणि खरं काम पुढचा ब्रेक करतो. आता पावसात थांबायचं अंतर स्पष्ट कमी झालंय. नवी घेणाऱ्यांनी रिमला लोहचुंबक लावून पाहावा. चिकटला तर ती स्टीलची.

ही रिम शोधताना एक गोष्ट कळली, ती लिहून ठेवा. ‘छब्बीस इंची’ चाक एकच नसतं. माझ्या सायकलीचं २६ × १⅜, तर जाड टायरवाल्या सायकलींचं २६ × १.९५ वगैरे, यांचे टायर एकमेकांना बसत नाहीत. दुकानातून पहिल्यांदा चुकीची रिम घरी आली होती. टायरच्या कडेवर बारीक अक्षरांत ३७-५९० असा आकडा असतो. त्यातला ५९० म्हणजे टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. जाड टायरवालीचा ५५९, जुन्या अठ्ठावीस इंचीचा ६३५. रिम घेताना भोकंही मोजा. वडिलांच्या काळच्या सायकलींत पुढे ३२ आणि मागे ४० आरे असायचे, आता बहुतेक ३६ येतात. हब (चाकाच्या मधला, आरे अडकतात तो भाग) आणि रिम यांची भोकं जुळली पाहिजेत.

दुसऱ्या महिन्यात डावं पायडल दर फेरीला ‘टक्’ करायला लागलं. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, आसाला पक्का धरणारी कॉटर पिन सैल झाली होती. ती नटाने ओढून बसवायची नसते. क्रँकखाली लाकडाचा ठोकळा धरून पिन हातोडीने ठोकायची, मग नट आवळायचा. गल्लीतल्या एकाने नुसता नट आवळला आणि आटे गेले. नवी पिन स्वस्त असते, पण सैल पिनेवर चालवत राहिलं तर क्रँकच खराब होतो. पायडल बदलायचं झालं तर डाव्या बाजूचे आटे उलटे असतात, हेही ध्यानात ठेवा.

हवा अंगठ्याने दाबून बघायची सवय मी सोडली. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हमधून हवा परत येत नाही, त्यामुळे त्यावर हवा मोजायचं गेज चालत नाही. पंक्चरच्या वेळी स्कूटरसारख्या व्हॉल्व्हची ट्यूब टाकून घेतली, रिमच्या त्याच भोकात बसली. आता दर रविवारी घरच्या पंपाने टायरवर लिहिलेल्या आकड्याइतकी भरते. तेव्हापासून सायकल खूपच हलकी चालते.

चेनला खोबरेल तेल घालू नका. धूळ धरतं, आणि थंडीत थिजतं. मी चेन रॉकेलच्या फडक्याने पुसून मशीनचं तेल थेंब थेंब घालते आणि वरचं पुसून टाकते. झीज मोजायला पट्टी पुरते: एका पिनेपासून पुढची चोविसावी पिन बारा इंचांवर हवी, अष्टमांश इंच पुढे गेली की चेन बदलायची.

पावसाळ्यात दोनदा हबच्या वर पाणी होतं, त्यातून सायकल काढावी लागली. नंतर दोन्ही हब आणि बीबी (बॉटम ब्रॅकेट, जिथे पायडलचा आस फिरतो) उघडायला लावली. आतलं ग्रीस पांढरं, दह्यासारखं झालं होतं. तसंच चालवलं असतं तर बेअरिंगच्या गोळ्या आणि त्या बसतात ते कप दोन्ही गेले असते. सीटचा दांडाही काढून ग्रीस लावून घेतलं, नाहीतर तो आत गंजून बसतो.

गेल्या आठवड्यात मागच्या टायरच्या कडेला बारीक भेगा दिसल्या. ऑफिसच्या आवारात सायकल दिवसभर उन्हात असते. दिवाळीआधी टायर बदलायचाय. ३७-५९० हा आकडा कागदावर लिहून पर्समध्ये ठेवलाय.