जुनी पिकअप अंगणात उभी करायची, तर 207 की बोलेरो?

मेहुण्याला एक जुनी पिकअप हवी आहे. शेतावर न्यायला, मंगळवारी बाजाराला घालायला. नवीची ऐपत नाही, म्हणून जुनी घेऊन सुट्टीच्या दिवशी अंगणातच खोलायची, असं ठरलंय. गेल्या आठवड्यात आम्ही दोन बघितल्या, निपाणीजवळ टाटा 207 आणि चंदगडला महिंद्राची बोलेरो पिकअप. दोन्ही जुन्या डीआय (डायरेक्ट इंजेक्शन), म्हणजे इंजिनात डिझेल साध्या यांत्रिक पंपानं सोडणाऱ्या, कॉम्प्युटर नसलेल्या. घरी काम करायचं तर असलीच गाडी घ्यावी. भावही जवळपास सारखाच.

207 धक्का मारून सुरू केली. ऑइल घालायचं झाकण उघडलं तर भाता फुंकल्यासारखा धूर फकफक बाहेर आला, म्हणजे रिंगा-पिस्टन गेलेले. रंग उडालेला, एका दाराची काच नाही. बोलेरो पहिल्याच सेल्फला सुरू झाली. रंग ताजा, सीट कव्हर नवीन. मेहुण्याचा जीव तिथंच अडकला.

मग मी पोतं अंथरून खाली शिरलो. 207 ची चासी ऑइल आणि मातीनं माखलेली होती, पण स्क्रू ड्रायव्हर टोचला की टण्ण वाजायची. बोलेरोच्या केबिनखाली, पायदानाच्या आतल्या बाजूला टोचला, तर तो बोटभर आत गेला. वर चुंबक फिरवला, तर दाराच्या खालच्या वीतभर पट्ट्यात कुठंच धरेना. सगळी लांबी, म्हणजे पत्र्याच्या जागी भरलेली पुट्टी! मालकाला विचारलं, तर गाडी चार-पाच वर्षं चोर्ला घाटातून गोव्याला भाजी नेत होती. जांबोटी-कणकुंबीचा पाऊस आणि खाली उतरलं की खारं वारं. एवढ्यात पत्रा टिकेल कसा?

मी स्वतः एकदा असाच रंगाला भुललो होतो. पायदान बदलायला काढलं, तर त्याच्यामागचा खांब हातात आला, आणि खांब बदलायला घेतला तर केबिनचा तळच भुसभुशीत. वेल्डिंगवाला रोज येऊन “अजून थोडं कापावं लागतंय” म्हणायचा. दोन पावसाळे ती गाडी ताडपत्रीखाली होती.

इंजिनाचं तसं नाही. 207 चं 2956 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन उतरवून ब्लॉक बेळगावच्या उद्यमबागेत नेला, की लेथवाला बोअर (पिस्टन वर-खाली होतो ती नळी) मापून त्याच दिवशी सांगतो: बोअर मारून पुढच्या साइजचे पिस्टन बसतील, की स्लीव्ह घालावी लागेल. क्रँक 0.25 मिमी घासून निघेल की 0.50 मिमी, तेही तो मापूनच सांगतो. आपल्या बेळगावात हे काम पिढ्यान् पिढ्या चाललंय, त्याचा फायदा घ्यायचा. उतरवणं-चढवणं घरी केलं, तर मजुरीचा मोठा भाग वाचतो. इंजिनाच्या खर्चाला असा तळ दिसतो, गंजाच्या खर्चाला दिसत नाही. म्हणून माझं मत 207 कडं. भंगारातलं अख्खं इंजिन आणून बसवायचा मोह मात्र टाळा. इंजिन नंबर बदलला की चौदा दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते, आणि त्या इंजिनाचे कागद भंगारवाल्याकडं असतीलच असं नाही.

बोलेरोची बाजू अगदीच लंगडी नाही. तिचं 2523 सीसीचं इंजिन गावोगावच्या मिस्त्र्याला तोंडपाठ आहे, सामान संकेश्वरातही मिळतं आणि खानापुरातही. 207 बनायची बंद झाली आहे. इंजिनाचं सामान मिळतं, पण दार, काच, मीटर यांसाठी भंगार पालथं घालावं लागतं. उद्या विकायची वेळ आली तर गिऱ्हाईकही बोलेरोलाच लवकर येईल. अथणीसारख्या कोरड्या भागात राहिलेली, टणक पत्र्याची बोलेरो मिळाली, तर मी हा सगळा लेख उलटा लिहीन.

ओझं दोन-चार पोत्यांचंच असेल तर टाटा एसही बघा. 702 सीसी, दोन सिलिंडर, घरी खोलायला सोपी. मेहुण्याचं ओझं जास्त, म्हणून ती बाद.

आता कागद. चंदगडची गाडी एमएच-09, म्हणजे महाराष्ट्राची; निपाणीची केए-23, म्हणजे आपल्या कर्नाटकाची. पाहुणे इकडं, शेत तिकडं, बोली एकच, पण नंबर प्लेटीला सीमा कळते. केए-23 ला नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30 भरायचे, कर्ज असेल तर बोजा उतरवायला 35. एमएच गाडीला आधी तिकडून फॉर्म 28 ची एनओसी, मग इकडचा टॅक्स, मग नवा नंबर. परराज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर नवा नंबर घ्यावाच लागतो. “कोण विचारतंय?” म्हणून तशीच चालवणारे आपल्याकडं कमी नाहीत, पण अपघात झाला की विचारतात. पिवळी प्लेट, म्हणजे धंद्याची गाडी असेल तर आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग लागतं, आणि पंधरा वर्षांवरच्या गाडीची फी 2022 पासून फार वाढली आहे. ती बजेटमध्ये आधीच धरा.

घरी काय करायचं? घासणं, रेड ऑक्साइड मारणं, वायरिंग, स्प्रिंगचे पाटे उतरवून ग्रीस करणं, सगळं घरी होतं. जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नका, गाडीला खालून आधार द्यायच्या दोन घोड्या (स्टँड) विकत घ्या. ब्रेकचे सिलिंडर, होज, लायनर नवेच घाला आणि एकदा चांगल्या मिस्त्र्याकडून तपासून घ्या. तिथं वाचवलेले पैसे घाटात अंगाशी येतात. रंग दिवाळीनंतर. पावसाळ्यात मारला तर आत ओल कोंडते आणि संक्रांतीपर्यंत फोड येतात.

रविवारी पुन्हा निपाणीला जातोय. 207 च्या मागच्या पाट्याच्या हँगरजवळ वेल्डिंगचा एक जुना डाग दिसला होता. जादा ओझ्यानं चासीला तडा जातो तो बहुतेक इथंच. तारेच्या ब्रशनं घासून बघायचा. डाग नुसता हँगरचा निघाला तर तिथंच विसार देऊन येऊ.