साम्य दाखवणारी साधनं पुष्कळ, दिशा दाखवणारी कोणती?

विकिपीडियावरचा परिच्छेद दुसऱ्या संकेतस्थळाशी शब्दशः जुळला की बहुतेक जण आधी इअरविगचा कॉपीव्हायो डिटेक्टर चालवतात. साधन चांगलंच आहे. लेख आणि संशयित पानाचा पत्ता दिला की जुळणारे तुकडे शेजारी-शेजारी रंगवून दाखवतं. पण वर झळकणारा टक्का फक्त साम्याचा असतो. कोणी कोणाचं उचललं याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. लांब अवतरणं, संस्थांची नावं, ग्रंथांच्या याद्या यांनीही तो फुगतो. रंगवलेला मजकूर आधी वाचा, आकडा नंतर.

दिशेसाठी, म्हणजे कोणी कोणाचं उचललं ते ठरवायला, विकीब्लेम हे लेखाच्या जुन्या आवृत्त्या धुंडाळणारं साधन. जुळणाऱ्या मजकुरातला पाच-सहा शब्दांचा, दुवे नसलेला, जरा वेगळ्या धाटणीचा तुकडा द्या; तो लेखात कोणत्या संपादनाने आला ते कळतं. बायनरी शोध (दर वेळी आवृत्त्यांचा इतिहास अर्ध्यावर तोडत जाणारा) झटपट होतो, पण तुकडा मध्येच उडवून परत टाकलेला असेल तर भलत्याच आवृत्तीवर नेऊन सोडतो. अशी शंका आली तर क्रमाने शोधायला लावा, वेळ लागला तरी.

मग ते संपादन उघडा, कारण खरी मेख तिथेच आहे. चार परिच्छेद एका दमात, दुव्यांशिवाय, छापील वळणात अवतरले असतील तर ते बाहेरून आणल्याचा संशय रास्त. (संपादनाचा सारांश मात्र बघा; विकिपीडियाच्याच दुसऱ्या लेखातून मजकूर हलवलेला असू शकतो.) याउलट एकाने वाक्य लिहिलं, दुसऱ्याने क्रियापद बदललं, तिसऱ्याने साल दुरुस्त केलं आणि समोरच्या पानावर नेमकं तिसऱ्या हातानंतरचं रूप दिसत असेल, तर उचलेगिरी त्या पानाची. इतका भक्कम पुरावा दुसरं कोणतंही साधन देत नाही.

समोरच्या पानाचं वय काढायला वेबॅक मशीन, म्हणजे संकेतस्थळांच्या जुन्या प्रती तारखेसह साठवणारं संग्रहालय. पानावर छापलेल्या तारखेवर विसंबू नका, ती मालकाला कधीही बदलता येते. वेबॅकच्या पत्त्यातले १४ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद, तेही ग्रिनिच वेळेनुसार. दिनदर्शिकेतलं निळं वर्तुळ उघडा. हिरवं म्हणजे पान दुसरीकडे वळवलेलं, नारिंगी आणि लाल म्हणजे त्रुटी. पहिली नोंद २००९ची असेल तर मजकूर तोवर होता एवढंच सिद्ध होतं, त्याआधी नव्हता हे नाही. इथे हटकून गफलत होते. संकेतस्थळाने पत्ता बदलला असेल तर जुन्या पत्त्यावरही शोधा. विकिपीडियात मजकूर येण्याआधीच्या नोंदीत तो दिसला तर प्रश्न मिटला. त्या आधीच्या नोंदीत तेच पान त्या मजकुराशिवाय दिसलं तर पारडं दुसरीकडे झुकतं.

समान चुका संबंध सिद्ध करतात, दिशा नव्हे. अपवाद नक्कल पकडण्यासाठी मुद्दाम पेरलेल्या खोट्या नोंदींचा: न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीच्या २००१च्या आवृत्तीत ‘एस्क्विव्हेलियन्स’ हा बनावट शब्द पेरला होता. असा शब्द इतरत्र खरा म्हणून छापलेला दिसला की उगम वादातीत.

आणि हे सगळं करूनही तारखा जुळेनात, तर १९१०-११ची ब्रिटानिका विश्वकोशाची अकरावी आवृत्ती उघडा. ती स्वामित्वहक्कातून मुक्त आहे आणि विकिपीडियातले बरेच जुने इंग्रजी लेख उघडपणे तिच्यावरच उभे आहेत. दोन्ही पानांनी तिथूनच घेतलेलं असेल, तर एकमेकांची नक्कल कोणीच केलेली नाही.