तोरणमाळचं रॅपलिंग आणि माझे २७,४४१ रुपये

आधी आकडा सांगतो, म्हणजे नंतर कोणी विचारायला नको. तोरणमाळला रॅपलिंगची, म्हणजे दोराने कडा उतरायची, सहल म्हणून एका भामट्याला भरलेले २७,४४१ रुपये गेले. यात क्रूझरचं भाडं ६,५०० धरलेलं नाही, आणि मेहुण्याने हौसेने भाड्याने आणलेल्या कॅमेऱ्याचे ७०० पण नाहीत. आम्ही नऊ माणसं होतो, त्यात तीन पोरं. तोरणमाळला पोचल्यावर ना दोर, ना तंबू, ना माणूस.

मी धुळ्यात हिशेबाचं काम करतो. दुसऱ्यांची बिलं तपासणं हा माझा धंदा आहे, त्यामुळे नातेवाइकांत सध्या माझी काय शोभा चालली असेल ती ओळखून घ्या. 'स्वस्ताच्या नादी लागला' असं म्हणणाऱ्यांना एकच सांगतो, स्वस्त काहीच नव्हतं. माणशी २,४९९ चा रेट होता, ग्रुप आहे म्हणून २,२०० केला. पुण्या-मुंबईचे लोक लोणावळ्याकडे साधारण एवढेच मोजतात. फुकटात कोणी झिपलाइन देतो म्हणाला असता तर मी दारातूनच हाकललं असतं.

जाहिरात व्हॉट्सॲपवर फिरत आली होती, आणि तीही ओळखीच्या माणसाकडून. त्याला दुसऱ्या ओळखीच्याने पाठवलेली. तोरणमाळ, दोन दिवस एक रात्र, धबधब्यात रॅपलिंग, व्हॅली क्रॉसिंग, झिपलाइन, तंबूत मुक्काम, रात्री शेवभाजी-भाकरी आणि शेकोटी. पोरं नाचायलाच लागली. आपल्याकडे पोरांना दोर-हेल्मेट दाखवायचं तर दरवेळी सह्याद्रीकडे पळायचं, आणि सातपुडा डोळ्यासमोर असून तिकडे फक्त महाशिवरात्रीच्या यात्रेला जायचं, ही खंत माझीही होतीच. जाहिरातवाला माणूस फोनवर नेमकं तेच बोलला. "सर, आपल्या खानदेशात काय कमी आहे? आपल्यालाच किंमत नाही."

माझी चीड आहे ती इथे. तो जे जे बोलला ते खरं होतं. सात पायरीच्या घाटात पावसाळ्यात सकाळी धुकं असतं, गाडी घाईने चढवू नका, म्हणाला. खरं आहे. सीताखाईच्या धबधब्याला पाणी जास्त असेल तर तिथे दोर लावणार नाही, बाजूच्या छोट्या धारेवर घेऊ, पोरं आहेत तुमच्यासोबत, म्हणाला. हे ऐकून तर मी बायकोला सांगितलं, माणूस जबाबदार दिसतो. तंबू यशवंत तलावाच्या बाजूला, जंगलात आत नाही, कारण वनखातं रात्री आत राहू देत नाही. तेही पटण्यासारखं. आणि शेवटी, "वर रेंजची बोंब असते सर, तिथे ऑनलाइन पेमेंट होत नाही, म्हणून सगळं खालीच क्लिअर करून या." ज्याने तोरणमाळ पाहिलंय तो यावर शंका घेईल का? मी नाही घेतली. खोटा फक्त तो स्वतः होता.

पैसे कसे गेले ते लिहून ठेवतो. २,२०० गुणिले नऊ, १९,८००. त्यातले निम्मे, ९,९००, बुकिंगला. उरलेले ९,९०० 'स्लॉट कन्फर्म' करायला, कारण म्हणे नाशिकचा एक ग्रुप त्याच तारखा मागतोय. मग साहित्याचं डिपॉझिट माणशी ५००, म्हणजे ४,५००, परत मिळणारे. मग विमा, माणशी १४९, एकूण १,३४१. आणि शेवटी वनविभागाची प्रवेश परवानगी, माणशी २००, म्हणजे १,८००. नंतरची प्रत्येक रक्कम त्या पहिल्या दोन हप्त्यांपेक्षा लहान, त्यामुळे प्रत्येक वेळी वाटायचं की एवढं मोठं भरलंय तर याच्यासाठी कुठे वाद घालता. विम्याचा एक रुपया सुद्धा त्याने राउंड केला नाही. १,३४१! खोटं बोलणारा माणूस दीड हजार मागेल, असं माझं डोकं चाललं.

विम्याचा कागद म्हणून आली ती आमच्या नऊ जणांच्या नावांची यादी. कंपनीचं नाव नाही, पॉलिसी नंबर नाही. विमा म्हणाला तर पॉलिसी नंबर मागा आणि कंपनीला फोन करून विचारा, बाकी सगळी रद्दी.

आता ती पावती. ती अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे आणि रात्री झोप आली नाही की मी ती उघडून बघतो. वनविभागाच्या परवानगीची पावती, वर राजमुद्रा, खाली गोल जांभळा शिक्का आणि सही. मध्यभागी ठळक अक्षरात छापलंय: यावल अभयारण्य. तोरणमाळची पावती, आणि नाव यावल अभयारण्याचं! यावल अभयारण्य जळगाव जिल्ह्यात, पालच्या बाजूला. तोरणमाळ नंदुरबार जिल्ह्यात, धडगावच्या डोंगरात. मधे अख्खा चोपडा आणि शिरपूर तालुका पडलाय. हे मला शाळेपासून माहीत आहे. पुण्याच्या माणसाला सातपुडा म्हणजे एकच जंगल वाटेल, मला वाटायचं काय कारण?

पण मी वाचलं नाही असं कोणी समजू नये. वाचलं. वाचून त्याला फोनही केला. तो लगेच म्हणाला, "सर, सातपुड्याचं परमिट एकाच पोर्टलवरून निघतं, हेडिंग तेच येतं." सरकारी कागदावर चुकीचं हेडिंग येणं ही आपल्याकडे काय नवलाची गोष्ट आहे? माझ्या आईच्या रेशनकार्डावर तिचं वय माझ्यापेक्षा कमी आहे. त्यामुळे पटलं. शिक्का मात्र आता मोठा करून बघतो तर दिसतं. हाताने मारलेला शिक्का एका कडेला पुसट होतो, कुठे शाई जास्त बसते. हा चहूबाजूंनी सारखा जांभळा, आणि सहीची रेघ त्याच्याखालून गेलीय. म्हणजे सही आधी, शिक्का नंतर, तोही कॉम्प्युटरवर. दुसऱ्याचं बिल असतं तर मी हे चष्मा न लावता पकडलं असतं.

आणि पैसे टाकताना स्क्रीनवर नाव यायचं ते एका बाईचं, कंपनीचं नाही. "अकाउंट वहिनींच्या नावावर आहे सर." आमच्याकडे निम्म्या दुकानदारांचे क्यूआर बायकोच्या नाहीतर भावाच्या नावावर असतात, खोटं वाटायला वावच नाही. पण वनखात्याची फी वहिनींच्या खात्यात? सरकारी फी कुठल्याही वहिनींच्या, दादांच्या, मॅनेजरच्या खात्यात जात नाही. गेट असेल तर गेटवर भरा आणि तिथेच पावती घ्या.

निघालो त्या पहाटे त्याचा फोन लागला होता. "टीम काल रात्रीच वर गेलीय, तुम्ही या, तलावाजवळ निळा बॅनर दिसेल." शहादा सोडलं, म्हसावद मागे पडलं, घाट लागला आणि रेंज गेली. वर धुकं एवढं की तलाव कुठे संपतो ते दिसत नव्हतं. पोरांनी नवीन रेनकोट गाडीतच चढवले होते. निळा बॅनर नाही, पिवळा नाही, कुठलाच नाही. कणसं भाजणाऱ्या एका बाईला विचारलं, तिने सीताखाईकडे बोट दाखवलं, कारण तिला वाटलं आम्ही धबधबा शोधतोय. तिकडे गेलो. पाणी धो धो कोसळत होतं, लोक फोटो काढत होते, दोर लावायचा एक खिळासुद्धा कुठे दिसेना. ड्रायव्हर काका सगळीकडे हिंडून आले आणि म्हणाले, "भाऊ, आठे तं कोनीच नही." मग जरा थांबून, "बठ्ठा पैसा पहिलेच दी टाका का?" म्हणजे, सगळे पैसे आधीच देऊन टाकले का? मी उत्तर दिलं नाही. मेहुणा म्हणाला, "जिजाजी, टीम दरीत उतरली असेल." तो भाड्याचा कॅमेरा हातात घेऊन दुपारपर्यंत दरीत बघत उभा होता.

रेंजची गोष्ट तेव्हा डोक्यात शिरली. ऑनलाइन फसवणुकीत पहिला तास-दोन तास महत्त्वाचे. ताबडतोब १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला तर पैसे ज्या खात्यात गेले ते गोठवायची संधी असते, नाहीतर ते पुढे पुढे सरकवून एटीएममधून काढले जातात. आम्हाला त्याने अशा ठिकाणी पाठवलं जिथून १९३० लागतच नाही. खाली उतरून रेंज येईपर्यंत संध्याकाळ. परवानगीचे १,८०० आदल्या रात्रीच गेलेले, बाकीचे तर त्याच्याही आधीचे. शेवटी त्या वहिनींच्या खात्यात होल्ड झाले ४१८ रुपये.

आता आपल्या यंत्रणेबद्दल. घरी आल्यावर जवळच्या ठाण्यात गेलो. "घटना कुठे घडली?" तोरणमाळला. "मग तिकडच्या ठाण्यात जा." तिकडे फोन केला. "पैसे कुठून पाठवले?" धुळ्यातून. "मग धुळ्यात तक्रार द्या." पुन्हा पहिल्या ठाण्यात. आता साहेब म्हणाले, खातं परराज्यातलं दिसतंय, वेळ लागेल, आणि "सहल झाली नाही म्हणजे ही दिवाणी बाब होते." दिवाणी! खोटा सरकारी शिक्का असलेली पावती टेबलावर ठेवली तरी दिवाणी. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. हे मी कलमाची प्रिंट नेऊन दाखवलं. ते म्हणाले, "तुम्ही वकील आहात का?" अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोच मागितली तर झेरॉक्सवर शिक्का मारायला शिक्का सापडेना. तिकडे त्या भामट्याला सापडतो, इथे ठाण्यात सापडत नाही.

बँकेत गेलो. "पिन तुम्हीच टाकलाय ना? मग व्यवहार तुमच्या संमतीने झाला." वनविभागाच्या एका कार्यालयात पावती दाखवली. कारकुनाने उलटसुलट बघून सांगितलं, ही आमची नाही. अहो, ते मलाही माहीत आहे! तुमच्या नावाने कोणी पावत्या छापतोय, तुम्ही तक्रार करा ना. "तुम्ही लेखी द्या, वर पाठवतो." दिलं. वर म्हणजे कुठे ते अजून समजलेलं नाही.

सगळ्यात भारी उत्तर पर्यटनाचं काम बघणाऱ्या एका कार्यालयातून मिळालं. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. रॅपलिंग, झिपलाइन, पॅराग्लायडिंग असलं काही घेणाऱ्याने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी केली पाहिजे, असं त्यात आहे. (बुकिंग करायच्या आधी नोंदणी क्रमांक मागायचा, एवढं तरी माझ्याकडून घ्या. खरा आयोजक चिडत नाही, उलट बरं वाटतं त्याला.) मी फोनवर विचारलं, अमुक नावाचा माणूस तुमच्याकडे नोंदलेला आहे का? नाही. मग कारवाई करा. तर म्हणे, "तो नोंदणीकृत नाही, त्यामुळे आमच्या कक्षेत येत नाही." म्हणजे ज्याने नोंदणी केली त्याला नोटीस, आणि ज्याने केलीच नाही तो मोकळा.

ग्राहक आयोगाचा रस्ता एका वकील मित्राने सुचवला. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही, ऑनलाइन दाखल होते. चांगलं आहे. पण समोरच्याचा पत्ता लागतो, आणि माझ्याकडे पत्ता म्हणून आहे तो 'यशवंत तलावाजवळ, निळा बॅनर'.

त्यात आणखी एक. फेसबुकवर मी चिडून लिहिलं, तर दुसऱ्या दिवशी 'रिफंड विभागातून' एका मॅडमचा फोन. तुमचे २७,४४१ मंजूर झालेत, फक्त ९९९ प्रोसेसिंग भरा, क्यूआर पाठवते. आकडा बरोबर होता, कारण तो मीच जगाला सांगितला होता. बायकोने फोन हातातून ओढून घेतला. पैसे घ्यायला कधीच पिन टाकावा लागत नाही, हे पोरांनाही शिकवा.

कोणी म्हणेल, बरं झालं, जीव तर वाचला. माझ्या भावानेही तेच ऐकवलं, आणि ते ऐकायला कडू लागलं तरी त्यात तथ्य आहे. कारण दोर घेऊन खरंच येणारे अर्धवट लोकही आहेत. समोर दोर लावलेला दिसला तरी विचारा: उतरणाऱ्याच्या मुख्य दोराशिवाय वरून धरलेला दुसरा, सुरक्षेचा दोर आहे का? हेल्मेट प्रत्येकाला आहे का, की दोघांत एक? पाणी वाढलं तर बंद करण्याचा निर्णय कोण घेतो? उत्तर देताना जो 'काही होत नाही हो' म्हणाला, त्याच्याकडून पोरांना परत आणा, पैसे गेले तरी चालेल.

त्या भामट्याचा जुना नंबर बंद आहे. पण मेहुण्याच्या मोबाईलवर परवा नवीन जाहिरात आली. दोन फोटो तेच, शेवभाजी-भाकरी तीच, डिपॉझिट तेच ५००. रेट १,९९९ केलाय आणि ठिकाण बदललंय: पाल, रावेर तालुका. चौकशी केल्यासारखं करून मेहुण्याने नमुना पावती मागवली. तोच जांभळा शिक्का, तीच खालून गेलेली सही. फक्त पाल खरोखरच यावल अभयारण्यात येतं, त्यामुळे या वेळी हेडिंगसुद्धा बरोबर आहे. ती पावती आणि नवा नंबर मी ठाण्यात देऊन आलो. पोच मिळाली नाही.